शिवणीतली माया

मुलांनो, तुमच्या अंगात आत्ता जो शर्ट, फ्रॉक किंवा कुर्ता असेल, त्याचा गळा जरा उलटून पाहा बरं. मानेच्या मागे एक छोटीशी पट्टी शिवलेली दिसेल. तिच्यावर ३२, ३४, ३६ असा एखादा आकडा असेल, नाहीतर एम, एल, एक्सएल अशी अक्षरे असतील. एवढीशी पट्टी! पण एका डिसेंबरात तिने आमच्या घरात मोठाच गोंधळ घातला. आज तीच हकिगत सांगणार आहे.

माझी भाची तेव्हा नववीत होती. तिला नाचाची भारी आवड. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिच्या वर्गातल्या आठ मुलींचा नाच ठरला होता. सगळ्यांनी एकसारखे कपडे घालायचे, असेही ठरले. पिस्ता रंगाचा आखूड कुर्ता आणि खाली घेरदार शरारा. तेच कपडे नाताळलाही घालता येणार, म्हणून घरातले सगळे खूश. सात मुलींचे कपडे एका दुकानात मिळून गेले. आठवी होती आमची भाची. तिच्या मापाचा कुर्ता तिथे नव्हता. ती अंगाने चांगली भरलेली आहे, अगदी माझ्यासारखी.

"मावशी, तू चल ना माझ्याबरोबर," ती म्हणाली. आम्ही दोघी गासहून निघालो. आधी नालासोपाऱ्याची दुकाने पालथी घातली. मग वसई आणि शेवटी लोकल पकडून थेट दादर. एका दुकानात विक्रेत्याने तिच्याकडे न बघताच सांगितले, "एक्सएलपर्यंतच येतं." दुसऱ्या दुकानात मोठमोठ्या फुलांचा, पोत्यासारखा सैल काळा कुर्ता पुढे टाकला आणि म्हटले, "हेल्दी लोकांसाठी हाच माल असतो." तिसऱ्या दुकानातल्या बाई तर म्हणाल्या, "यांच्यासाठी वरच्या मजल्यावर बघा, मोठ्या बायकांचं तिकडे आहे." चौदा वर्षांची मुलगी ती! वरच्या मजल्यावर गेलो, तर तिथे तिच्या आजीला शोभतील असे कपडे.

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. एरवी खिडकी मिळाली की ती गप्प बसत नाही. त्या दिवशी भाईंदरची खाडी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. पुलावर गाडी धडधडायला लागली, तेव्हा हळूच म्हणाली, "मावशी, आमच्या टीचरना सांगशील? मला नाही नाचायचं."

मला काय बोलावे ते सुचेना. कारण मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. मी डी.एड.ला होते, तेव्हा सहलीसाठी माझ्या सगळ्या मैत्रिणींनी जीन्स घेतल्या. माझ्या मापाची जीन्स मिळाली नाही. मग मी सहलभर सगळ्यांना सांगत सुटले, "मला बाई जीन्स आवडतच नाही." ते साफ खोटे होते. मला जीन्स खूप आवडायची. पण 'मिळाली नाही' असे सांगायची लाज वाटत होती.

तुम्हीच सांगा, लाज कोणाला वाटायला हवी होती? कुर्ता त्या दुकानात नव्हता. मग चूक माझ्या भाचीची कशी? घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकले की या पट्टीचा छडा लावायचाच.

आजीच्या पेटीत माप नव्हते

पहिला धागा घरातच सापडला. आमच्या आजीची पत्र्याची पेटी माळ्यावर आहे. तिच्यात तिचे सणाचे लाल लुगडे जपून ठेवले आहे. मी ते खाली काढले आणि भाचीला म्हटले, "यावर साइझ शोध पाहू."

तिने उलटसुलट करून पाहिले. कुठे पट्टी नाही, आकडा नाही. असणार तरी कशी? नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे ते सलग कापड. आजी तरुणपणी काटकुळी होती, तेव्हाही तेच लुगडे नेसली. चार बाळंतपणांनंतर अंगाने सुटली, तेव्हाही तेच. शेवटी वाळून काडीसारखी झाली, तेव्हाही तेच! निऱ्या कमी-जास्त केल्या की झाले.

आपल्याकडचे जुने कपडे आठवून पाहा. परकराला नाडी, सलवारीला नाडी, धोतराला गाठ. आजीबाईंच्या खणाच्या चोळीलासुद्धा पुढे गाठ असायची. जरा अंग भरले की गाठ थोडी सैल बांधायची. साधी नाडी घ्या. किती हुशारीची वस्तू आहे! कंबर २६ इंच असो की ४६, ती कोणालाच नाही म्हणत नाही.

शिवायचे कपडे होते, तेही शिंपी प्रत्येकाच्या अंगावर टेप लावून बेतायचा. म्हणजे आधी माणूस, मग माप आणि शेवटी कपडा. तयार कपड्यांनी हा क्रम उलटा केला. आता आधी कपडा तयार होतो आणि नंतर त्यात बसणारा माणूस शोधतात!

पट्टी आली कोठून?

हा उलटा क्रम सुरू झाला शिवणयंत्रामुळे आणि युद्धामुळे. १८४६ मध्ये अमेरिकेत एलियास होवे याने आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने शिवणयंत्रांची पेटंटे घेतली. थोड्याच वर्षांत, १८६१ ते १८६५ या काळात, त्या देशात यादवी युद्ध झाले. लाखो सैनिकांना झटपट गणवेश हवे होते. प्रत्येकाला टेप लावायला वेळ कोणाला? मग छातीच्या मापावरून ठरावीक आकारांचे गणवेश शिवू लागले. पुढे पुरुषांचे तयार कपडे याच रीतीने बाजारात आले.

स्त्रियांचे काय? त्यांची मापे मोजायला बराच उशीर झाला. १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन या दोघांनी अमेरिकी सरकारसाठी सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली. एकेका स्त्रीची ५९ मापे! काम केवढे मोठे, नाही का? पण त्यात एक खोट होती. हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरली गेली. बाकीच्या जणू कपडे घालतच नव्हत्या! याच मापांच्या आधारे १९५८ मध्ये तिथे साइझचे सरकारी कोष्टक निघाले. पण बायकांच्या अंगाचे इतके प्रकार त्यात मावेनात. १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले.

म्हणजे लक्षात आले का? पट्टीवरचा आकडा हा काही निसर्गाचा नियम नाही. पाणी १०० अंशांना उकळते, तसा तो नाही. कोणीतरी काही माणसे मोजली, त्यांची सरासरी काढली आणि कोष्टक बनवले. ज्यांना मोजलेच नाही, त्यांना त्या कोष्टकात जागा कशी मिळणार? आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्या तर ब्रिटन-अमेरिकेची कोष्टकेच थोडीफार बदलून वापरत आल्या आहेत.

मास्टरांनी शिकवलेले गणित

आता दुसरा प्रश्न. कोष्टक अपुरे असेल, पण कारखानदार मोठे कपडे शिवत का नाहीत? गिऱ्हाईक तर आहे ना?

वसई पूर्वेला औद्योगिक गाळे आहेत. तिथे तयार कपडे शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ओळखीने गेले. तिथले कटिंगचे मास्टर मूळचे सोलापूरचे. शाळेचे गणवेश शिवण्यासाठी सोलापूर प्रसिद्ध आहे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. मास्टर लहानपणी तिथेच काम शिकले. मी शिक्षिका आहे कळल्यावर हसून म्हणाले, "बसा टीचर, आज मी तुम्हांला गणित शिकवतो."

त्यांनी एक कागद घेतला. तुम्हीही पेन्सिल घ्या.

समजा, छाती ३६ इंच आहे. कुर्ता अंगाला चिकटू नये म्हणून ४ इंच सैलपणा धरला. झाले ४०. म्हणजे पुढचा भाग २० इंच रुंद आणि मागचा भाग २०. प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी एकेक इंच वाढवला, की प्रत्येकी २२. दोन्ही भाग शेजारी शेजारी ठेवले, तर २२ अधिक २२ बरोबर ४४. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुतेक वेळा ४४ इंचच असतो. अगदी बरोबर बसले! कुर्त्याची उंची ४२ आणि दुमडायला २ धरली, तर ४४ इंच लांब कापडात पुढचा आणि मागचा भाग निघाले. बाह्यांसाठी आणखी साधारण २० इंच. एकूण ६४ इंच कापड.

आता छाती ४४ इंच घ्या. सैलपणा धरून ४८. एकेक भाग २४ आणि शिवणीसह २६. दोन्ही मिळून ५२. पन्हा तर ४४ चाच! आता ते शेजारी शेजारी बसणार नाहीत. एकाखाली एक ठेवावे लागतील. ४४ अधिक ४४, म्हणजे ८८ इंच. बाजूला जी १८ इंचांची पट्टी उरते, तिच्यातून बाह्या निघतील. तरीसुद्धा पहिल्या कुर्त्यापेक्षा २४ इंच, म्हणजे दोन फूट कापड जास्त लागले.

"पाहिलंत? माप वाढलं ८ इंच, कापड वाढलं २ फूट," मास्टर म्हणाले. "शेठ म्हणतो, नको ती भानगड."

"मग यावर उपाय नाही?" मी विचारले.

"आहे की! ५८ च्या पन्ह्याचा कपडा घ्यायचा. ५२ त्यात आरामात बसतात. पण त्यासाठी आधी मनात यावं लागतं ना."

दुसरी अडचण खाक्याची. कारखान्यात आधी एका मधल्या मापाचा खाका बनवतात. मग तोच दोन-दोन इंचांनी वाढवत लहान-मोठी मापे काढतात. एक-दोन पायऱ्यांपर्यंत हे चालते. पण माणसाचे अंग काही फुग्यासारखे सगळीकडून सारखे फुगत नाही. छाती-पोट वाढले, म्हणून खांदे त्या प्रमाणात रुंद होत नाहीत. तोच खाका नुसता मोठा केला, की खांदा दंडावर उतरतो, गळा उघडा पडतो आणि दंड मात्र घट्टच राहतो. म्हणून मोठ्या मापांसाठी वेगळा खाका बनवून, तशाच अंगाच्या माणसाला घालून पाहावा लागतो. त्याला वेळ आणि पैसा लागतो. तो वाचवण्यासाठी सरळ सैल पोते शिवतात. आम्हांला दुकानात दाखवलेल्या काळ्या कुर्त्याचे रहस्य हे असे होते!

तिसरी अडचण दुकानदाराची. घाऊक बाजारात माल सेटने विकतात. एका रंगाचे एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे नग एकत्र घ्यावे लागतात. त्यापुढची मापे घ्यायची तर वेगळी मागणी द्यावी लागते. दुकानदाराला भीती वाटते की माल पडून राहील. तो ठेवत नाही, म्हणून मोठ्या अंगाच्या मुली त्या दुकानात जाणे सोडून देतात. मग तो म्हणतो, "बघा, गिऱ्हाईकच येत नाही!" आहे की नाही गंमत?

निघताना मास्टरांनी एक तयार कुर्ता उलटा करून दाखवला. शिवणीच्या आत जेमतेम अर्धा इंच कापड. बाकीचे यंत्राने कापून टाकलेले. "घरचा शिंपी आत दोन बोटं कापड सोडायचा. अंग वाढलं की उसवून सैल करता यायचं. त्याला काय म्हणतात माहीत आहे ना टीचर?"

माहीत होते. त्याला 'माया' म्हणतात. शिवणीत माया ठेवणे! केवढा सुंदर शब्द आहे आपल्या भाषेत. घाऊक मालात कापड वाचवायचे म्हणून सगळ्यांत आधी ही मायाच कापली जाते.

चुकलेल्या नावाची शिवणकाम करणारी बाई

पण सगळ्याच व्यापाऱ्यांनी 'नको ती भानगड' असे म्हटले नाही, बरं का. लेना नावाची एक मुलगी १८९५ मध्ये लिथुआनियातून न्यूयॉर्कला आली. तिथे शिवणकाम करून पोट भरू लागली. लग्न झाले, पण नवरा लवकर वारला. पदरात लहान मूल. लेना ब्रायंटने हिंमत सोडली नाही. १९०४ मध्ये तिने स्वतःचे छोटे दुकान काढले. बँकेत खाते उघडताना लेनाचे 'लेन' लिहिले गेले. तेच चुकलेले नाव तिने दुकानाला ठेवले, लेन ब्रायंट!

तिच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायका सांगायच्या की आमच्या अंगाला होतील असे कपडे कुठेच मिळत नाहीत. तेव्हा लेनाने "बारीक व्हा, मग या" असे सांगितले नाही. तिचे दुसरे पती अल्बर्ट माल्सिन इंजिनिअर होते. त्यांनी सुमारे साडेचार हजार गिऱ्हाइकांची मापे घेतली, स्थूल अंगाचे वेगवेगळे प्रकार पाडले आणि त्यांच्यासाठी निरनिराळे खाके बनवले. कपडे विकले जातील की नाही, ही भीती फुकटच ठरली. गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि तो धंदा पुढे खूप मोठा झाला.

म्हणजे गिऱ्हाईक तिथे पहिल्यापासूनच होते. कोणीतरी टेप घेऊन त्यांच्याजवळ जायचे तेवढे बाकी होते.

आपली मापे आपणच घ्यायची

आपल्याकडेही आता जाग येते आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये मोठ्या मापांच्या कपड्यांचा खास कार्यक्रम झाला. त्यासाठी नेहमीच्या सडपातळ मॉडेल न घेता भरलेल्या अंगाची माणसे चाचणी घेऊन निवडली होती. त्याच वर्षी सचिन कुंडलकर यांचा 'वजनदार' हा मराठी चित्रपट आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी मुद्दाम वजन वाढवले होते.

याहूनही मोठे काम म्हणजे 'इंडियासाइझ'. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच निफ्ट, आणि केंद्र सरकारचे वस्त्रोद्योग मंत्रालय यांनी ही योजना २०१८ मध्ये जाहीर केली. १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५ हजारांहून अधिक भारतीयांची मापे घेऊन आपले स्वतःचे कोष्टक बनवायचे, असा तिचा हेतू. त्यासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, शिलाँग अशी देशाच्या निरनिराळ्या भागांतली सहा शहरे निवडली. टेपऐवजी अंगाला स्पर्शही न करता मापे टिपणारी यंत्रे आणली. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, चीन या देशांनी अशी पाहणी आधीच केली होती. नीट कोष्टक नसल्यामुळे विकलेल्या कपड्यांपैकी २० ते ४० टक्के कपडे परत येतात, असे योजना जाहीर करतानाच सांगितले गेले होते. तेव्हा एकटी माझी भाचीच दुकानातून रिकाम्या हाताने परतत नव्हती, बरं का!

मापे दुरून ठरवली की काय होते, याचा अनुभव आपल्या शाळांनाही आला. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात सगळ्या सरकारी शाळांना एकसारखा गणवेश द्यायचे ठरले. कापड एकाच ठिकाणी घेऊन, बेतून, महिला बचत गटांकडे शिवायला दिले. कल्पना चांगली होती. पण गणवेश उशिरा आले आणि कितीतरी मुलांना ते लहान-मोठे झाले, अशा तक्रारी गावोगावहून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. तेव्हा 'ही मुलेच बेढब आहेत' असे कोणी म्हटले का? नाही. सगळे म्हणाले, "गणवेश चुकला." मग एखाद्या मुलीला कुर्ता झाला नाही, तर आपण 'मुलगी चुकली' असे का म्हणतो?

हसायचे कशाला?

एक मात्र कबूल करायला हवे. दुकानातल्या शब्दांपेक्षा वर्गातले शब्द जास्त लागतात. भाचीने मला नंतर सांगितले, की कपडे मिळाले नाहीत त्याचे दुःख एवढे नव्हते. "उद्या वर्गात कळलं की 'ढोली' म्हणून चिडवतील," ही धास्ती मोठी होती.

जुन्या सिनेमातली टुणटुण तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. ती पडद्यावर आली की लोक हसायला सुरुवात करत. तिचे खरे नाव उमादेवी. ती मुळात गायिका होती. १९४७ च्या 'दर्द' या चित्रपटात नौशाद यांच्या संगीतात गायलेल्या गाण्याने ती देशभर गाजली होती. पण पुढे लोकांनी तिचा गळा विसरून फक्त तिचे अंग लक्षात ठेवले. नुकसान कोणाचे झाले? तिचे झालेच, पण ऐकणाऱ्यांचेही झाले.

आणि मित्रमैत्रिणींनो, तुमचे वयच वाढीचे आहे. साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या काळात उंची, वजन, आवाज, सगळेच बदलते. कोणाचे आधी, कोणाचे नंतर. काहींची उंची आधी वाढते, काहींचे अंग आधी भरते. आईच्या, आजीच्या अंगाची ठेवणही आपल्याकडे येते. आज ज्याला हसाल, त्याच्या जागी पुढच्या वर्षी तुम्हीही असू शकता.

मग नाचाचे काय झाले?

आता तुम्ही विचाराल, "टीचर, ते सगळं ठीक, पण तुमची भाची नाचली की नाही?"

मी तिच्या शाळेत गेले नाही. तिच्या टीचरना काही सांगितलेही नाही. भाचीलाच म्हटले, "मैत्रिणींना खरं काय ते सांग. मी सहलीत खोटं बोलले होते, तसं करू नकोस." ती दोन दिवस घुटमळली. मग सांगून टाकले, "माझ्या मापाचा कुर्ता कुठेच मिळत नाही."

वर्ग हसेल, असे तिला वाटले होते. एक-दोघी हसल्याही. पण एक मैत्रीण पटकन म्हणाली, "मला तरी कुठं नीट झालाय? माझे खांदे घसरतात. पिना लावून नाचायचं ठरवलंय मी." दुसरी म्हणाली, "माझा शरारा चार बोटं आखूड आहे." बघता बघता आठांपैकी पाच जणींची काही ना काही रड निघाली! फक्त आजवर कोणी बोलले नव्हते.

तीन मुलींचे कपडे बरोबर झाले होते, त्यांनी ते ठेवले. बाकी पाच जणींपैकी चौघींनी आपले कुर्ते दुकानात परत केले आणि त्याच पिस्ता रंगाचे कापड आणले. मास्टरांच्या गणिताप्रमाणे ५८ च्या पन्ह्याचे! आमच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत. त्यांनी पाचही जणींची मापे घेतली. भाचीचा दंड मोजताना ती आपसूक अंग चोरू लागली. तशा काकू म्हणाल्या, "सरळ उभी राहा गं पोरी. श्वास आत घेऊन माप दिलंस, तर नाचताना श्वास कुठून आणशील?"

गॅदरिंगच्या दिवशी आठही जणी नाचल्या. लांबून पाहणाऱ्याला कोणता कुर्ता दुकानातला आणि कोणता काकूंनी शिवलेला, ते ओळखता आले नसते. भाची एकदा गिरकी चुकली, पण हसून पुढे नाचत राहिली. घरी आल्यावर मी तिचा कुर्ता उलटा करून पाहिला. काकूंनी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे माया ठेवली होती.

पालकांनो, दोन शब्द

"आधी बारीक हो, मग नवा ड्रेस घेऊ," हे वाक्य आपल्या घराघरांत सहज बोलले जाते. मुलीच्या भल्यासाठीच बोलतो आपण. पण तिला ऐकू येते ते असे, की 'आत्ता आहेस तशी तू चांगल्या कपड्याच्या लायकीची नाहीस.' मुलांनी मैदानावर खेळावे, घरचे ताजे खावे, हे सगळ्याच मुलांसाठी खरे आहे, बारीक मुलांसाठीसुद्धा. वजनाची खरोखर काळजी वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारावे. दुकानातल्या आरशासमोर, चार माणसांत तो विषय काढू नये. आणि कपडा मात्र आजच्या मापाचा, आजच्या आवडीचा घ्यावा. 'काळ्यात बारीक दिसशील' म्हणून चौदा वर्षांच्या मुलीला काळ्यात गुंडाळू नये. तिला पिस्ता आवडतो, तर पिस्ता!

दुकानातही मुकाट्याने परतू नका. "हाच कुर्ता मोठ्या मापात मागवाल का?" असे जरूर विचारा. चार जणांनी विचारले, तर पाचव्यासाठी दुकानदार सेटबाहेरचा नग आणून ठेवील.

करून पाहा

घरातले एकाच साइझची पट्टी असलेले, पण निरनिराळ्या दुकानांतून घेतलेले तीन शर्ट किंवा कुर्ते घ्या. तिन्हींवर 'एल' असेल तर तिन्ही 'एल' हवेत. जमिनीवर सपाट पसरा. टेपने एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. मग खांद्याची रुंदी आणि उंची मोजा. तिन्ही कपड्यांची मापे वहीत शेजारी शेजारी लिहा.

मापे तंतोतंत सारखी आली का? माझ्या वर्गातल्या मुलांनी हा प्रयोग केला, तेव्हा एकाच अक्षराच्या दोन शर्टांत तीन इंचांचा फरक निघाला! एक मुलगा मोठ्याने ओरडला, "टीचर, या पट्टीलाच नापास करा!"

मी फळ्यावर पट्टीच्या नावापुढे भला मोठा भोपळा काढला.